हौद्यावर सरकतं कव्हर बसवायचंय? कोकणातल्या गाडीसाठी आधी हे वाचा

इसुझूची व्ही-क्रॉस नाहीतर टोयोटाची हायलक्स, म्हणजे मागे सामानाचा उघडा हौदा असलेली पिकअप, घेतलेले बरेच जण पहिला पावसाळा ताडपत्री आणि नायलॉनच्या दोरीवर काढतात आणि मग कधीतरी गणपतीच्या आधी वैतागून सरकतं कव्हर मागवतात. कोणी रोलर लिड म्हणतं, कोणी रोलर शटर, कोणी टोनो कव्हर, वस्तू एकच. दुकानाचं शटर आडवं करून हौद्यावर टाकलंय असं समजा, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन बाजूंना दोन रेल आणि केबिनच्या मागे एक डबा ज्यात सगळं गुंडाळून जातं.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. पट्ट्यांच्या कडेने पाणी आत येणारच, ते रेलच्या पन्हळीत पडतं, तिथून पुढे डब्यात जातं आणि डब्याच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीच्या खाली. म्हणजे हे कव्हर मुळात पाण्याला वाट करून देणारी वस्तू आहे आणि आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे बाकी सगळं झकपक बसलं आणि नळ्या चुकल्या तर हौद्यात पोहायला येईल.

मागवायच्या आधी टेप घेऊन हौद्याची आतली लांबी मोजा, पुढच्या भिंतीपासून बंद फाळक्यापर्यंत, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या झडपेपर्यंत. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही कारण वर्षावर आणि व्हेरियंटवर फरक पडतो. दुसरं म्हणजे रोल बार, केबिनच्या मागे हौद्यावर लावतात ती पाइपची कमान. आपल्याकडे शोसाठी रोल बार लावायची हौस दांडगी, पण तो पण हौद्याच्या काठावरच बसतो आणि रेलला पण तोच काठ लागतो, तेव्हा दोन्ही एकत्र बसतात का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, फोनवरच्या "हो हो बसतं"वर जाऊ नका. तिसरं, पुढचा डबा हौद्यातली जागा खातो, साधारण वीतभर ते फूटभर, आणि आंब्याच्या सीझनला क्रेट भरणाऱ्यांनी हे आधीच मोजावं, कारण डब्याच्या खाली क्रेट एकावर एक किती चढतील हे घरी खडूने भिंतीवर खुणा करून कळतं, बाजाराला निघताना कळून उपयोग नाही.

आता लायनर, म्हणजे हौद्याला आतून बसवलेलं अस्तर. हौद्यात प्लास्टिकचा लायनर असेल आणि तो काठावरून वर आलेला असेल तर रेल काठाला धरून ठेवणारे क्लॅम्प प्लास्टिकवर बसवू नका. प्लास्टिक उन्हात मऊ होतं, दबतं, क्लॅम्प ढिला पडतो, रेल हलते. क्लॅम्प जिथे येणार तिथे खूण करा आणि तेवढाच तुकडा कापून काढा म्हणजे क्लॅम्प सरळ पत्र्याला धरेल. काठाच्या खाली संपणारा लायनर असेल तर काही करायला नको.

सामान फार लागत नाही. पाने, एलन कीचा सेट, टॉर्क पाना, टेप, साबणाचं पाणी, स्पिरिट, नायलॉनचे वायसर. टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, नसेल तर कोणाचा तरी मागून आणा पण आणाच, कारण रेल ॲल्युमिनियमची असते आणि हौसेने आवळली की क्लॅम्पपाशी दबते, मग पट्टी तिथेच अडकते आणि तुम्ही शोधत बसता भलतीकडे. किती आवळायचं तो आकडा कव्हरच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच धरा.

गाडी खळ्यात नाहीतर सपाट जागेवर लावा, उतारावर अजिबात नको. हौद्याचा काठ धुवा, मग स्पिरिटने पुसा, आपली तांबडी माती काठाच्या घडीत अशी जाऊन बसते की वरून स्वच्छ दिसलं तरी बोट फिरवलं की लाल होतं आणि त्या मातीवर फोमची पट्टी चिकटतच नाही. कोरडं झालं की डबा दोघांनी उचलून पुढच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि दोन्ही बाजूंना अंतर सारखं आहे का बघा. आवळायचं नाही अजून.

मग रेल. दोन्ही रेल डब्याच्या खाचेत सरकवा, क्लॅम्प हाताने लागतील तेवढेच लावा, आणि टेप काढा. दोन रेलमधलं अंतर तीन ठिकाणी मोजा, डब्याजवळ, मधे आणि फाळक्याजवळ. तिन्ही सारखे आले पाहिजेत. त्यानंतर कर्ण मोजा, डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्यापर्यंत आणि उलट, दोन्ही जुळले म्हणजे काटकोन बरोबर. चिऱ्याचं जोतं आखताना गवंडी दोरी धरून हेच करतो. हे जमलं की पुढून मागे क्लॅम्प आवळत या, एक डावा एक उजवा असं आलटून पालटून, आधी सगळे अर्धे आणि मग दुसऱ्या फेरीत पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत.

इथे एक गोष्ट सांगतो जी पुस्तिकेत सापडणार नाही. दीड मीटर ॲल्युमिनियम 40 अंशांनी जास्त तापलं की जवळजवळ 1.4 मिलिमीटर वाढतं, लोखंडी पत्रा त्याच्या साधारण निम्माच वाढतो. मे महिन्यात काळं कव्हर दुपारी उन्हात उभं राहिलं की हात लावता येत नाही, आणि तुम्ही सकाळी गारव्यात पट्टी रेलमध्ये अगदी घट्ट बसवून ठेवली असेल तर दुपारी ती अडकणारच. म्हणून सेटिंग करताना पट्टीला दोन्ही बाजूंना किंचित खेळ ठेवा, आणि सकाळी छान चालतं पण दुपारी जड जातं अशी तक्रार असेल तर कव्हर आत ओढणाऱ्या स्प्रिंगला हात लावायच्या आधी एका बाजूच्या रेलचं मागचं टोक अर्ध्या मिलिमीटरने बाहेर घेऊन बघा.

आता नळ्या, आणि इथे घाई नको. नळी डब्याच्या कोपऱ्यातून निघून हौद्याच्या भोकातून खाली जाते. सगळीकडे उतरतीच असली पाहिजे, मधे कुठे पोट सुटलं की तिथे पाणी आणि गाळ थांबतो. वाकताना चपटी होता कामा नये. खालचं टोक सायलेन्सरवर किंवा वायरिंगवर येऊ देऊ नका. काही किटमध्ये भोक नवीन पाडायला लागतं. पाडलं तर कडा घासून घ्या, लोखंडाचा चुरा एकूण एक वेचा, ब्रशने, मग चुंबकाने, कारण खारट हवेत एक रात्र पुरते, सकाळी त्या चुऱ्याचे तांबडे डाग रंगावर पडलेले असतात आणि ते जात नाहीत. कडेला झिंक प्रायमर, वर टचअप रंग, सुकला की भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट. आणि मग प्रत्येक कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता. खाली धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर कुठेतरी दबलीय, परत काढा.

ह्याच नळीच्या खालच्या टोकाला कुंभारीण, म्हणजे चिखलाचं घर बांधणारी माशी, घर करते. गाडी काही दिवस उभी राहिली की चिखलाचं बूच मारून ठेवते आणि पहिल्या मोठ्या सरीला डबा भरतो. तारेने खुपसू नका, नळी फाटते. जाड तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, घ्या, खालून वर सरकवा, चिखल भुगा होऊन पडतो, मग वरून पाणी सोडा. मृगाच्या आधी एकदा आणि पावसात अधूनमधून. टोकाला बारीक जाळी लावली तर कुंभारीण येत नाही पण पानांचा कचरा अडकतो, माझ्या मते जाळीपेक्षा तंगूस बरी.

उताराचं पण लक्षात घ्या. आपल्याकडे घराला यायची वाट म्हणजे घाटीच. नळ्या पुढे असतात, तेव्हा गाडीचं तोंड वर करून लावली तर पाणी पुढे जातच नाही, रेलमधून मागे येऊन फाळक्याजवळ आत पडतं. पावसात तोंड उताराकडे करून लावा. काही रेलना मागच्या टोकाला पण वाट ठेवलेली असते, ती सीलने बुजली नाही ना तेवढं बघा. फाळक्याची फट हा वेगळा विषय, तिथे कव्हरबरोबर काही येत नाही, वेगळी रबर सील मिळते ती लावाच.

स्प्रिंगबद्दल. कव्हर सोडलं की धाडकन डब्यात जातं म्हणजे ताण जास्त, निम्म्यात मरतं म्हणजे कमी. पण निम्म्यात मरण्याचं कारण दहातल्या आठ वेळा रेलमधली माती नाहीतर रेल समांतर नसणं हेच असतं, म्हणून आधी धुवा, मग तीन ठिकाणी परत मोजा. तरी फरक नाही तर बाहेरून ताण बदलायचा स्क्रू असेल तो पाव फेरा फिरवा, चालवून बघा, परत पाव फेरा. बाहेर स्क्रूच नसेल तर डबा उघडायचा नाही, आतली गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातात. सगळ्या कव्हरना स्प्रिंग असते असंही नाही, काही नुसती हाताने ढकलायची असतात. रिमोटवालं असेल तर वायर बॅटरीपासून, फ्यूज बॅटरीच्या जवळ आणि जॉइंट सगळे वॉटरप्रूफ, हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या.

लॉक लागत नसेल तर बहुतेक वेळा मागच्या बाजूला रेल फाकलेल्या असतात, शेवटचे दोन क्लॅम्प ढिले करून, कव्हर बंद करून, लॉक दोन्हीकडे पडलं की मग आवळा. आवळल्यावर फाळका हळू बंद करून बघा. काही कव्हरचं टोक फाळक्यावर येतं, काहींचं आतच संपतं, फाळका रेलच्या टोकाला आपटत असेल तर सगळंच थोडं पुढे घ्यावं लागेल.

खाऱ्या हवेचं सांगायचं तर स्टेनलेसचा बोल्ट, ॲल्युमिनियमची रेल आणि वर मिठाचं पाणी, ही तिघं एकत्र आली की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडायला लागतं. ट्रॉलरवाल्यांना हे कधीचं ठाऊक आहे, ते उगाच पाण्याखाली जस्ताचे तुकडे लावत नाहीत. तुम्ही निदान बोल्टखाली नायलॉनचा वायसर टाका आणि आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट, लावा, दोन वर्षांनी उघडायची वेळ आली तर बोल्ट तुटणार नाही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने गाडी नेली की घरी आल्यावर गोड्या पाण्याने रेल धुवा, किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको. ग्रीस, खोबरेल, जुनं इंजिन ऑइल यातलं काहीही रेलमध्ये घालायचं नाही, तांबडी धूळ चिकटून घासायचा कागद तयार होतो. कोरडा सिलिकॉन स्प्रे, तो पण फडक्यावर मारून फडकं फिरवायचं.

माडाखाली गाडी लावू नका हे वेगळं सांगायला नको, पण झावळीचा पण विचार करा, ओली झावळ वरून आली की पट्टीला पोचा पडतो आणि पोचा पडलेली पट्टी डब्यात गुंडाळली जात नाही. पट्ट्या सुट्या मिळतात का हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा.

पहिली भरलेली फेरी मारून आलात, विशेषतः आंबा घाट नाहीतर फोंडा घाट उतरून, की सगळ्या क्लॅम्पना परत टॉर्क पाना लावा. एखादा तरी फिरतोच.