मॅच गोळी शिकारीला चालते का? आणि नाही, तर कोणती घ्यायची?

मॅच गोळी म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनवलेली रायफलची गोळी. म्हापशात मी मुलांना एअर रायफल शिकवतो. त्यातली काही मोठी होऊन परदेशी जातात, तिथे शिकारीचा परवाना काढतात आणि मग फोन येतो: "सर, मॅच गोळी एवढी नेमकी लागते, तर हरणाला तीच वापरली म्हणून काय बिघडलं?" माझा भाचा न्यूझीलंडला कँटरबरीत असतो, त्यानेही हेच विचारलं. बिघडतं, आणि जे बिघडतं ते जनावराला सोसावं लागतं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घरचं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. सत्तरीत नि सांग्यात रानडुकरं एका रात्रीत पिकाची धूळधाण करतात, गवे कुळागरात शिरतात, हे मी पाहिलेलं आहे. शेतकऱ्याचा संताप मला समजतो. तरीही पीक संरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन खात्याच्या लेखी हुकमाशिवाय बार काढायचा नाही. न्यूझीलंडची गोष्ट निराळी. तिथे हरणं मुळात नव्हतीच, युरोपातून आलेल्यांनी आणून सोडली. ती रान खाऊन फस्त करतात म्हणून तिथलं सरकारच परवाना देतं. पुढचं सगळं अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी आहे.

भाच्याकडे गेलो तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोन गोळ्या उभ्या कापून पाहिल्या. तुम्हीही पाहा, मात्र फक्त सुटी गोळी. भरलेल्या काडतुसाला कानस लावायची नाही, कधीच नाही. गोळी व्हाइसमध्ये आडवी धरा, कानशीने हळूहळू निम्मी घासा, शेवटी पॉलिश पेपर फिरवा. शिशाची पूड उडते, तेव्हा हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

पहिली होती सिएरा कंपनीची १६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मॅचकिंग. ही मॅच गोळी १९५९ पासून नेमबाजांच्या हातात आहे. टोकाला टाचणी जेमतेम शिरेल एवढं छिद्र, त्याखाली रिकामी पोकळी, आणि मग शिसं. तांब्याचं जॅकेट, म्हणजे शिशावरचं वेष्टण, टोकाकडे मुद्दाम कमकुवत केलेलं नाही, आतून शिशाला धरून ठेवणारं काही नाही. ते छिद्र फुलण्यासाठी ठेवलेलं नसतंच. जॅकेटमध्ये शिसं वरून भरतात, मग टोक मिटवतात, आणि मिटवताना जे उरतं ते छिद्र. असं केल्याने गोळीची मागची बाजू एकसंध आणि प्रत्येक गोळीत सारखी निघते. नेमकेपणा येतो तो तिथून.

दुसरी होती नॉस्लर पार्टिशन, ही शिकारीची गोळी. १९४० च्या दशकात कॅनडात एका मूस हरणावर जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या नीट चालल्या नाहीत, त्यातून ही जन्मली. कापल्यावर मधोमध तांब्याची आडवी भिंत दिसते. भिंतीच्या पुढचं शिसं जनावरात शिरताच पसरतं, मागचं शिसं भिंतीआड शाबूत राहतं आणि गोळीला खोलवर ढकलतं. टोकाशी जॅकेट पातळ, खाली जाड. प्रत्येक मिलिमीटरमागे विचार आहे, आणि तो गोळी कातडीच्या आत गेल्यावर काय होणार याचा आहे.

शिकारीच्या गोळीने आत गेल्यावर अळंबीसारखं फुलायचं असतं, म्हणजे रुंद जखम होते, फुप्फुसं लगेच बंद पडतात आणि जनावर थोडक्यात संपतं. मॅच गोळी काय करील ते सांगता येत नाही. कधी टोक तसंच मिटलेलं राहतं आणि गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते. हरीण पळतं आणि तासन् तास तडफडतं. कधी तीच गोळी खांद्याच्या हाडावर चुरा होते, वरवरची भयंकर जखम होते आणि आतले अवयव वाचतात. कधी अगदी हवं तसं घडतं. "मी तर मॅच गोळीनेच मारतो" म्हणणारे खोटं बोलत नाहीत, त्यांना तिसरा प्रकार भेटलेला असतो. जिवंत प्राण्यावर गोळी झाडताना एवढी अनिश्चितता मला मान्य नाही.

या छिद्रावर कायद्याचा काथ्याकूटही झालेला आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात फुलणाऱ्या गोळ्या निघाल्या आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तशा गोळ्यांना मनाई केली. पुढे अमेरिकी लष्कराच्या वकिलांनी १९९० मध्ये मॅचकिंग युद्धात वापरायला हरकत नाही असं मत दिलं. कारण? टोकाचं छिद्र नेमकेपणासाठी आहे, फुलण्यासाठी नाही. शिकाऱ्याला याहून स्पष्ट उत्तर कशाला हवं? स्कॉटलंडमध्ये तर हरणासाठी फुलणारीच गोळी लागते, असा कायदा आहे.

आता नेमकेपणाचा हिशोब करा. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १० सेंटिमीटरचं असतं. लाल हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग त्याच्या दुपटीहून मोठा. १०० मीटरवर ४ सेंटिमीटरचा ग्रुप (लागोपाठ मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) देणारी साधी शिकारी गोळी २०० मीटरवर ८ सेंटिमीटरचा देईल, म्हणजे भरपूर झालं. रानात चुका होतात त्या धापेमुळे, वाऱ्यामुळे, टेकू नसल्यामुळे. मॅच गोळी त्यातलं काहीच सुधारत नाही.

दुकानात गेलात की डब्यावरचं नाव पूर्ण वाचा, कारण नावं फसवी असतात. हॉर्नडीची ईएलडी मॅच टार्गेटसाठी आणि ईएलडी-एक्स शिकारीसाठी. दोन्हींचं टोक लालसर प्लॅस्टिकचं, दिसायला सख्ख्या बहिणी. सिएराची मॅचकिंग टार्गेटची, गेमकिंग शिकारीची. बर्गरच्याही टार्गेट आणि हंटिंग अशा वेगळ्या गोळ्या आहेत, हंटिंगचं जॅकेट मुद्दाम पातळ. टोकाला छिद्र दिसलं म्हणजे गोळी फुलणारी, हा समज डोक्यातून काढा. कंपनी स्वतः शिकारीसाठी म्हणत नसेल, तर डबा परत ठेवा.

मग वेग बघा. नेहमीच्या शिकारी गोळ्यांना फुलण्यासाठी साधारण सेकंदाला १८०० फूट वेग लागतो. काही नव्या गोळ्या १६०० लाही फुलतात. कंपनीचा तक्ता काढा, तुमच्या काडतुसाचा वेग किती अंतरावर या आकड्याखाली जातो ते पाहा, आणि त्याच्या अलीकडे थांबा. ती तुमची हद्द. त्यापलीकडे हरीण कितीही छान उभं असलं तरी बार नाही.

खात्री करायची तर जुने पेपर रात्रभर पाण्यात भिजवा, घट्ट गठ्ठे बांधून एकामागे एक ठेवा आणि तुम्ही खरोखर जेवढ्या अंतरावरून मारणार तेवढ्यावरून मारा. जवळून मारलेल्या चाचणीत वेग जास्त असतो, चित्र खोटं दिसतं. गोळी शोधून काढा, किती पसरली, किती वजन उरलं, ते पाहा. मॅच गोळीवरही हेच करा. शेजारी शेजारी ठेवल्या की भाचा गप्प झाला होता.

मांस घरी खाणार असाल तर शिशाचाही विचार करा. गोळी जेवढी चुरा होते तेवढे कण मांसात पसरतात, जखमेपासून बरेच लांब. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, लहान मुलांच्या पानात तर मुळीच नको. घरात मुलं असतील तर मी सरळ पूर्ण तांब्याची गोळी सुचवतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी आहे, तिथल्या काँडॉर गिधाडांना शिशाची विषबाधा होते म्हणून.

मॅच गोळ्या फेकू नका, सराव त्यांच्यावरच करा. फक्त शिकारीला निघण्याआधी शिकारी गोळीने रायफल नव्याने झिरो करा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवून घ्या. वजन सारखं असलं तरी दोन्ही गोळ्या एकाच जागी लागतीलच असं नाही. नळी पूर्ण थंड असताना पहिला बार कुठे लागतो ते वेगवेगळ्या दिवशी तपासून लिहून ठेवा, कारण रानात तुम्हाला बहुधा तोच एक मिळतो. आणि पिशवीत दोन्ही प्रकारची काडतुसं एकत्र ठेवू नका. मॅचचा डबा घरीच कुलपात राहू दे.