रोपांसाठी घरगुती बोगदा करताय? या चुका टाळा

पाइपच्या कमानींवर प्लॅस्टिक ताणून केलेल्या छोट्या हरितगृहांचे, म्हणजे बोगद्यांचे, बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले असतात. तिथे बाहेर बर्फ असताना आत ऊब धरून ठेवायची असते. आपल्याकडे जूनमध्ये टोमॅटो-मिरचीचं रोप टाकताना ऊब कुणाला हवी आहे? आपल्याला पावसाच्या माऱ्यापासून आडोसा हवा आणि पांढऱ्या माशीला दार बंद हवं. तो बोगदा जसाच्या तसा उचलला की पहिली चूक तिथेच होते, आणि पुढच्या निम्म्या चुका तिच्यातूनच निघतात.

चारी बाजूंनी कागद

पूर्ण बंद बोगद्यात भर दुपारी हात घालून बघा. बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंश जास्त सहज असतं. टोमॅटोचं बी २५ ते ३० अंशांत छान उगवतं, पस्तिशीच्या वर गेलं की उगवण घसरते. मग रोपांच्या ट्रेमध्ये निम्मे कप रिकामे दिसतात आणि माणूस बियाण्याचं पाकीट घेऊन दुकानदाराशी भांडायला जातो.

कागद, म्हणजे प्लॅस्टिकचं आच्छादन, फक्त डोक्यावर ठेवा. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत दोन्ही बाजूंना आणि दोन्ही तोंडांना ४० मेशची (एका इंचात ४० छिद्रं असलेली) कीटकरोधक जाळी लावा. कागदाची खालची कड तीन फुटांवर आडव्या बांधलेल्या बांबूला पक्की करा, जाळीची कड मात्र चरात पुरा. डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या भागात पारा एक आकडी होतो, तेव्हा रात्रीपुरते बाजूंना कागदाचे पडदे सोडा आणि सकाळी ऊन चढलं की गुंडाळा. पडदा उघडायला रोज सकाळी कुणी नसेल तर तो लावूच नका. एका दुपारीत सगळी रोपं भाजतात.

साधा तापमापक ट्रेच्या उंचीला, सावलीत टांगा. छताला टांगलेला वेगळाच आकडा दाखवतो.

शेडनेट आतून, आणि कायमचं

शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, कागदाच्या आत बांधलं की ऊन आधी आत येतं, मग अडतं. उष्णता आतच राहते. ते बाहेरून, कागदापासून थोडं अंतर ठेवून बांधा. आणि उगवण झाली की दुपारचे अकरा ते तीन सोडून काढून ठेवा. दिवसभर सावलीत राहिलेलं रोप उंच, फिकट आणि लेचंपेचं होतं, शेतात लावताच आडवं पडतं.

रुंदीचा मोह

२० फुटी पाइप वाकवून १२ फूट रुंदीवर रोवला तर मधली उंची साडेसहा फुटांच्या आसपास येते. तोच पाइप १६ फुटांवर पसरला तर उंची जेमतेम पाच फूट. चार फूट जागा मिळाली, पण माणूस वाकून चालणार आणि माथा चपटा होणार. चपट्या माथ्यावर पावसाचं पाणी साचतं, कागदाला पोट सुटतं, वजनाने कमान दबते आणि पोट आणखी खोल जातं. आतून साचणारं दवही चपट्या छतावरून घसरत नाही, थेट ट्रेवर टपकतं. कमानी एकमेकींपासून चार फुटांच्या आत ठेवा आणि माथ्यावरून एक आडवा पाइप किंवा बांबू सगळ्या कमानींना बांधून घ्या. अर्धा इंची पाइप एवढ्या रुंदीला पुरत नाही.

बांबूच्या कामट्या वापरल्या तरी चालतं, स्वस्तही पडतं. फक्त पेरांवरचे खुंट तासून घ्या, नाहीतर कागद तिथेच फाटतो. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावा.

चुकीच्या जागी काटकसर

पैसे वाचवायचे असतील तर सांगाड्यात वाचवा, कागदात नको. बाजारातलं साधं पारदर्शक प्लॅस्टिक उन्हाने एका हंगामात तडकतं. २०० मायक्रॉन जाडीचा, यूव्ही प्रक्रिया केलेला (उन्हातल्या अतिनील किरणांना तोंड देणारा) कागद नीट बसवला तर तीनेक वर्षं टिकतो. तोही सगळ्यात आधी पीव्हीसी पाइपला टेकतो तिथे जातो, कारण तापलेला पाइप त्याला खातो. कमानींना पांढरा रंग द्या किंवा जुन्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळा.

वाऱ्याचा विचार बहुतेकांना पहिल्या वळवाच्या पावसानंतर सुचतो. पाइप नुसता मातीत खुपसून भागत नाही. अडीच फुटी सळई निम्मी ठोकून तिच्यावर पाइप बसवा. काळ्या जमिनीत भेगा पडल्या की सळया सैल होतात, तिथे त्या जास्त खोल हव्यात आणि अधूनमधून हलवून बघायला हव्यात. दर दोन कमानींच्या मधून, कागदावरून आरपार दोरी ताणून बांधा. कागद फडफडला की फाटणारच.

रोप काय सांगतंय ते बघा

रोप मातीलगत बारीक होऊन, पाणचट पडून आडवं झालं असेल तर ती रोपं कोलमडण्याची बुरशी आहे. देठ खालपर्यंत ठणठणीत आणि फक्त शेंडा करपलेला असेल तर उष्णता. पानं वर वळून आखडलेली असतील, तर बहुतेक जाळीतून पांढरी माशी किंवा फुलकिडे आत आले आहेत. मिरचीवरचा चुरडामुरडा म्हणतात तो हाच, आणि त्याची लागण रोपवाटिकेत झाली तर शेतात कितीही फवारा, झाड सुधारत नाही.

कोलमड रोगाचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. संध्याकाळी पाणी घातलं की रात्रभर ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं, हवा दमट, आणि बुरशीला रान मोकळं. पाणी सकाळी द्या, तेही ट्रे उचलून वजन बघून. हलका लागला तरच. शेतातली माती ट्रेमध्ये भरू नका. कोकोपीट आधी धुऊन त्यातला खारटपणा घालवा, भरताना त्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. गेल्या हंगामातले ट्रे न धुता वापरणं म्हणजे रोग स्वतःच्या हाताने पेरणं. ट्रे जमिनीवर नकोत, विटांवर किंवा बांबूच्या मांडवावर ठेवा.

४० मेशच्या जाळीतून पांढरी माशी अडते, बारीक फुलकिडे सगळे अडत नाहीत. मिरचीसाठी ५० मेश घ्या, पण हवा कमी खेळते हे लक्षात ठेवून जाळीचा भाग वाढवा. दाराला जाळीचे दोन पडदे एकावर एक येतील असे लावा. आत दोन-तीन पिवळे चिकट सापळे टांगा. त्यांवर माशा दिसू लागल्या की भोक शोधायला लागा.

बोगद्यातून थेट रानात

टोमॅटोचं रोप तीनेक आठवड्यांत, मिरचीचं पाच-सहा आठवड्यांत लावणीला येतं. ते थेट उन्हात नेलं की दोन दिवसांत माना टाकतं. लावणीआधी पाच-सात दिवस पाणी हळूहळू कमी करा. शेडनेट पूर्ण काढा, शेवटचे दिवस ट्रे उघड्यावर आणा. पांढऱ्या माशीचा जोर असेल तर जाळीखालीच उन्हाला सोडा.

हंगाम संपल्यावर कागद तसाच कमानींवर ठेवून उन्हाळा काढू नका. उतरवून धुवा, पूर्ण वाळवा, गुंडाळून सावलीत आढ्याला टांगा. जमिनीवर ठेवलेल्या गुंडाळीत उंदीर घर करतात.