क्रेडिट कार्डाचे शुल्क आणि लाभ यांचा हिशोब कसा मांडावा

क्रेडिट कार्ड आपल्याला परवडते की नाही हे ठरवण्यासाठी जाहिरातीतील सवलती बाजूला ठेवून दोन कागद समोर घ्यावेत: अलीकडचे एक मासिक स्टेटमेंट आणि बँकेने कार्डासोबत दिलेले महत्त्वाच्या अटींचे पत्रक. व्याजाचा दर, विलंब शुल्क, रोख रक्कम काढण्याचे शुल्क आणि परदेशी चलनातील खरेदीवरचा आकार त्या पत्रकात दिलेला असतो. या शुल्कांवर आणि व्याजावरही १८ टक्के जीएसटी लागतो, हे आधीच धरून चालावे.

स्टेटमेंटवर ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’ अशा दोन रकमा असतात. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज मात्र टळत नाही. आणि अनेकांचा घोटाळा होतो तो नेमका इथेच. समजा, ५ जूनला आपण ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला, २० जूनला बिल निघाले आणि १० जुलै या देय तारखेला आपण ३९,००० रुपये भरले. व्याज उरलेल्या हजारावरच लागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बिल पूर्ण न भरल्यास खरेदीपासून देय तारखेपर्यंतची बिनव्याजी मुदतच रद्द होते, आणि बहुतेक बँकांच्या पद्धतीनुसार खरेदीच्या दिवसापासूनचे ३५ दिवसांचे व्याज पूर्ण ४०,००० रुपयांवर आकारले जाते. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने ते सुमारे १,६११ रुपये होते आणि जीएसटी धरून १,९०० रुपयांवर जाते. शिवाय मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्यामुळे बँक खात्यातून ‘एकूण देय’ रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना देऊन ठेवणे उत्तम. ही सूचना देताना ‘किमान देय’ हा पर्याय चुकून निवडला जात नाही ना, हे तपासावे.

लाभ मोजताना पॉइंटांची संख्या न पाहता त्यांचे रुपयांतील मूल्य काढावे. दर १५० रुपयांच्या खर्चावर २ पॉइंट मिळत असतील आणि एका पॉइंटचे मोल २५ पैसे असेल, तर परतावा जेमतेम ०.३३ टक्के पडतो, म्हणजे १,००० रुपयांचे वार्षिक शुल्क जीएसटीसह भरून काढायला वर्षभरात साडेतीन लाखांहून अधिक खर्च करावा लागेल. विमानतळावरील लाउंज वर्षातून एकदाही वापरला जात नसेल, तर तो लाभ शून्य धरावा. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्येही, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिल्या जाणाऱ्या मासिक हप्त्यांतही, प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा ग्राहकाच्याच माथी येतो.

एटीएममधून कार्डावर रोख रक्कम काढणे शक्यतो टाळावे, कारण तिथे शुल्क तर लागतेच, पण व्याजही पहिल्या दिवसापासून सुरू होते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यावरच विलंब शुल्क लावता येते, आणि तेही देय तारखेनंतर थकलेल्या रकमेवरच. हिशोबाअंती कार्ड नको असे ठरले, तर बाकी पूर्ण फेडून ते बंद करण्याची लेखी विनंती करावी. बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत ते बंद केले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेला ५०० रुपये दंड म्हणून ग्राहकाला द्यावे लागतात, म्हणून विनंतीची पोच जपून ठेवावी.