ऊबदार गुलाबी दुसऱ्या ब्रँडमध्ये जुळवायचा तर

भिंतीच्या रंगातला एका ब्रँडचा ऊबदार गुलाबी दुसऱ्या ब्रँडमध्ये करून हवा असेल, तर आधी त्यातला पिवळा बघायला शिका. गुलाबी काय, सगळ्यांनाच दिसतो. पण निळसर झाक असलेला गुलाबी आणि अबोलीकडे झुकलेला गुलाबी यांत फरक पडतो तो जरासा पिवळा आणि त्याहून जरासा काळा घातल्यामुळे. मी टिंटिंग मशीनवर, म्हणजे डब्यातल्या रंगात छटा मिसळणाऱ्या यंत्रावर, काम करते. "जुळला नाही हो" म्हणून परत आलेल्या गुलाबीत लाल चुकलेला मला क्वचितच दिसतो. पिवळा कमी पडलेला असतो, नाहीतर मूळ रंगातला मळकटपणा नव्यात उतरलेलाच नसतो, आणि मग भिंत बाहुलीघरासारखी दिसायला लागते.

नावावर जाऊ नका. शेडचं नाव त्या त्या कंपनीने ठेवलेलं असतं. दुसरीकडे त्याच नावाखाली भलताच रंग निघू शकतो. इंटरनेटवर "या शेडला ती शेड" असे तक्ते मिळतात. त्यांचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर आधीपासून असलेल्या शेड्समध्ये ही सगळ्यात जवळची. जवळची म्हणजे तीच नव्हे. फॅरो अँड बॉल या ब्रिटिश रंग कंपनीचा 'सेटिंग प्लास्टर', नंबर २३१, घ्या. ओल्या प्लास्टरवरून नाव पडलेला हा धुरकट गुलाबी लोकांना फार आवडतो, आणि त्याच्या "जोड्या" म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शेड्स शेजारी शेजारी ठेवल्या तर एक पीच निघते, दुसरी सरळ गुलाबी. म्हणून तयार शेड शोधत बसण्यापेक्षा नमुना देऊन रंग बनवून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

नमुना कसला द्यायचा? सगळ्यात उत्तम म्हणजे मूळ ब्रँडचा लहान सॅम्पल डबा आणून जाड पांढऱ्या कार्डावर दोन हात मारलेला तुकडा. ते शक्य नसेल तर भिंतीचा पोपडा: स्विचबोर्डच्या प्लेटमागून किंवा कपाटाआडून, पातळ पात्याने, नाण्यापेक्षा मोठा, सपाट, धूळ पुसलेला. प्लेटमागचा रंग उन्हाने विटलेला नसतो, धुराने पिवळलेला नसतो. पण तुम्हाला जुळवायची आहे ती आजची भिंत असेल, तर पोपडाही उघड्या भागातलाच हवा. हे आधी ठरवा, नाहीतर यंत्र इमानेइतबारे चुकीचा रंग जुळवून देईल. शेड कार्ड आणणार असाल तर ते खऱ्या रंगाचं आहे की छापील शाईचं, एवढं विचारून घ्या. मोबाइलमधला फोटो दाखवू नका. कॅमेरा स्वतःच्या मनाने प्रकाश सुधारतो आणि ऊबदार गुलाबीतली ऊबच आधी काढून टाकतो.

काउंटरवर नमुना स्पेक्ट्रोफोटोमीटरखाली, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्राखाली, जातो. एकाच जागी नाही, तीन-चार जागी वाचून सरासरी घ्यायला सांगा. पडद्यावर एल, ए, बी असे तीन आकडे येतात. एल म्हणजे उजळपणा, ० काळा ते १०० पांढरा. ए अधिक असेल तर लाल, उणे असेल तर हिरवा. बी अधिक असेल तर पिवळा, उणे असेल तर निळा. ऊबदार गुलाबीत ए आणि बी दोन्ही अधिक असतात. बी शून्याकडे घसरू लागला की रंग थंड पडतो. मूळ नमुना आणि नवा रंग यांच्या या तीन आकड्यांतला एकूण फरक मशीन एका आकड्यात सांगतं, तो डेल्टा ई. साधारण १ च्या आत असेल तर डोळ्याला फरक जेमतेम कळतो. पण त्या एकट्या आकड्यावर समाधान मानू नका. फरक कुठल्या दिशेला आहे ते विचारा. एलमध्ये एखादा अंश इकडेतिकडे झाला तर खोलीत कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेवढाच अंश बीमध्ये कमी पडला, तर गुलाबी लगेच निळसर दिसतो, कारण फिक्या, करड्याजवळच्या रंगांत छटेचा बदल डोळा चटकन पकडतो. म्हणूनच १९७६ च्या साध्या सूत्राऐवजी नंतर आलेल्या डेल्टा ई २००० चा आकडा इथे जास्त कामाचा.

जुन्या डब्यावरच्या चिठ्ठीतला फॉर्म्युला, म्हणजे मिसळलेल्या रंगांची मापं, घेऊन येणारेही असतात. तो नव्या मशीनवर चालत नाही. प्रत्येक ब्रँडच्या बेसचा, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या रंगाचा, पांढरा वेगळा, आणि टिंटरची, म्हणजे त्यात घालायच्या दाट रंगाची, ताकद वेगळी. मात्र त्या चिठ्ठीतून एक गोष्ट कळते, ती म्हणजे लाल कशातून आणलाय. रेड ऑक्साइड आणि यलो ऑक्साइड या लोहयुक्त रंगद्रव्यांवर बनलेला गुलाबी मातकट, शांत असतो आणि उन्हातही टिकतो. तोच रंग दुसरा ब्रँड मॅजेंटा किंवा एखाद्या चमकदार सेंद्रिय लालमध्ये पिवळा घालूनही करू शकतो. खिडकीत दोन्ही एकच दिसतील. संध्याकाळी दिवा लावला की एक तपकिरी होईल, दुसरा राणीकडे जाईल. याला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि गुलाबीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेही असतं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका नमुन्याला दोन-तीन फॉर्म्युले निघतात आणि काउंटरवरचा माणूस सवयीने सगळ्यात स्वस्त तो निवडतो. तुम्ही सांगा: ऑक्साइडवाला दाखवा, मेटॅमेरिझम कमी असलेला दाखवा. मशीनवर बसणाऱ्याला राग येत नाही. उलट बरं वाटतं, निदान मला तरी.

फिनिशचंही, म्हणजे रंगाला चमक किती हवी याचंही, आधीच बोलून घ्या. मूळ मॅट (बिनचमकेचा) आणि नवा सॅटिन (हलक्या चमकेचा) असेल तर फॉर्म्युला कितीही अचूक असो, समोरून बघताना सॅटिन गडद आणि भडक वाटेल, तिरक्या उजेडात पांढुरका. मॅटला मॅटच.

आता परीक्षा. ए४ आकाराच्या जाड कार्डावर प्रायमर, मग नव्या रंगाचे दोन हात, अगदी कडेपर्यंत. कडेला पांढरी पट्टी उरली की डोळा तिच्याशी तुलना करतो, मूळ रंगाशी नाही. ओल्या रंगावरून काही ठरवू नका. इमल्शन वाळताना सहसा गडद होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बघा. कार्डाची कड मूळ नमुन्यावर टेकवा, मध्ये फट किंवा सावली नको, आणि आजूबाजूला करडा कागद धरा. पाच-सात सेकंद बघा, नजर करड्यावर न्या, परत बघा. गुलाबीकडे टक लावून राहिलात तर डोळा लालला थकतो आणि दोन्ही तुकडे सारखेच फिके वाटायला लागतात. मग कार्डं अदलाबदल करा, डावं उजवीकडे. खरा जुळलेला रंग असेल तर मधली रेघ क्षणभर हरवते आणि बोट फिरवल्यावरच कड सापडते. रेघ दिसत राहिली तर वाळलेलं कार्ड काउंटरवर परत आणा.

हे सगळं तीन उजेडांत करा: दिवसा खिडकीजवळ, २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली, आणि त्या खोलीत प्रत्यक्षात जो दिवा असेल त्याखाली. एलईडीच्या खोक्यावर रंगदर्शनाचा (सीआरआय) ८० हा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. तो आकडा आठ फिक्या नमुन्यांची सरासरी असतो, त्यात गडद लाल मोजलेलाच नसतो. तो आर९ नावाने वेगळा सांगतात, आणि तो कमी असेल तर चांगला जुळलेला गुलाबीही मलूल दिसतो. अशा वेळी रंग बदलू नका, दिवा बदला.

दुरुस्ती करायची तर दिशा ठरवून. थंड वाटतोय, यलो ऑक्साइडचा थेंब. फार संत्री झालाय, किंचित मॅजेंटा. भडक आहे, तर हिरव्याचा किंवा काळ्याचा अगदी लेशमात्र स्पर्श; हिरवा लालला मारतो आणि हवा तो मळकटपणा देतो. घातलेलं काढता येत नाही, फक्त बेस वाढवता येतो. त्यात फिक्या गुलाबीत टिंटर इतका थोडा लागतो, की एक लिटरच्या डब्यात मशीनचा सगळ्यात छोटा थेंबही जास्त होऊ शकतो. म्हणून छोट्या डब्यात थोडा चुकलेला रंग वीस लिटरमध्ये बरोबर निघतो आणि याउलटही होतं. शक्य असेल तेव्हा मोठ्या डब्यातूनच कार्ड रंगवून बघा.

लावताना डबे एकापेक्षा जास्त असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या. आणि जुन्या भिंतीच्या मधोमध नव्या ब्रँडचा पॅच मारू नका. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या, कारण कोपऱ्यावर उजेडाचा कोन बदलतो आणि दोन भिंतींतला उरलासुरला फरक त्यात खपून जातो. समोरासमोरच्या दोन गुलाबी भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि दोन्ही कार्डापेक्षा गडद दिसतात. खोलीच्या चारही भिंती गुलाबी होणार असतील तर एलमध्ये थोडा वर, फिका रंग मागितलात तरी चालेल.

काम झालं की उरलेल्या डब्याच्या झाकणावर रंगाचं एक बोट ओढा, आणि शेजारी फॉर्म्युला, बेस, फिनिश, बॅच नंबर आणि खोलीचं नाव मार्करने लिहा. मशीनमधून छापून डब्यावर लावलेली चिठ्ठी वर्षभरात पुसली जाते.