बोरबॉन केक करताना या चुका टाळा

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिघं भावंडं धावतच घरी यायचो. आजोबांनी सांगलीच्या हरभट रोडवरून आणलेला बोरबॉनचा पुडा फडताळात असायचा. वाट्याला दोन-दोन बिस्किटं. पहिलं बिस्किट कधीच सरळ चावून खाल्लं नाही. वरची पट्टी अलगद फिरवून सोडवायची, क्रीम दातांनी खरवडायचं, साखरेचे दाणे जिभेनं टिपायचे आणि उरलेल्या दोन पट्ट्या चहात बुडवायच्या. दुसरं बिस्किट मात्र अख्खं खायचं, म्हणजे दोन्ही चवी एकदम तोंडात यायच्या.

हे बिस्किट मुळात लंडनचं. पीक फ्रीन्स कंपनीनं ते १९१० मध्ये काढलं, तेव्हा त्याचं नाव क्रिओला होतं. आपल्याकडे ब्रिटानियाचं बोरबॉन १९५५ मध्ये आलं. म्हणजे आजोबांपासून भाचरांपर्यंत सगळ्यांनी खाल्लेली ही चव आहे. म्हणूनच घरात कुणाचा वाढदिवस आला की मी या बिस्किटाचा केक करते. कडक बिस्किटाऐवजी मऊ चॉकलेट केकचे तीन पातळ थर, मध्ये चॉकलेट क्रीम आणि वर साखर.

केक बिघडायला लागला की बहुतेक जण साखर, क्रीम किंवा चॉकलेट वाढवतात. तिथेच तो हातातून जातो. बोरबॉनची पट्टी कडसर आणि किंचित खारट असते, क्रीम गोड असतं. चव आहे ती या दोहोंतल्या फरकात. खाली सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक चुकीनं हा फरक पुसला जातो.

आधी प्रमाण सांगते. सात इंची गोल केकच्या तीन थरांसाठी मैदा १८० ग्रॅम, कोको ४५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा पाऊण छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, दही २४० मिली, तेल १२० मिली, गरम काळी कॉफी १२० मिली आणि थोडा व्हॅनिला. अंडं नाही. आमच्याकडे आजीच्या पंक्तीला अंड्याचा केक चालत नाही, आणि दही-सोड्याचा केक नीट जमला तर अंड्याची आठवणही येत नाही.

मैदा दाबून भरणं

वाटी डब्यात खुपसून मैदा भरला की तो दाबला जातो. सैल भरलेल्या एका कपात साधारण १२० ते १२५ ग्रॅम मैदा बसतो, दाबून भरला तर दीडशेच्या पुढे जातो. दीड कपाच्या कृतीत एवढा फरक पडला की केक कोरडा होतो, मधोमध फुगून फुटतो. स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर मैदा चमच्यानं वाटीत सोडा आणि वरून सुरीच्या पाठीनं सपाट करा.

कोकोऐवजी चॉकलेटची पूड

दुधात घालायची चॉकलेट पावडर आणि बेकिंगची कोको पावडर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत साखर भरपूर असते. ती घातली तर केक गोड होतो, पण रंग फिका येतो आणि बोरबॉनचा कडसरपणा जातो. डब्यावरचे घटक वाचा. त्यात साखरेचं नावही नको.

कोकोतही दोन प्रकार. साधा कोको आंबटसर असतो. दुसरा अल्कली लावून मवाळ केलेला, ज्याला डच कोको म्हणतात. त्याचा रंग गडद, चव गोलसर, आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. सोड्याला फुगायला आंबट काहीतरी लागतं. आपल्या कृतीत दही असल्यामुळे दोन्ही कोको चालतात. मात्र दही ताजं आणि गोड असेल आणि वर डच कोको वापरलात, तर सोडा पुरता मारला जात नाही. केकला साबणासारखी चव येते आणि मागून घशाशी कडवटपणा राहतो. त्यासाठी आदल्या रात्री विरजलेलं, जरा आंबूस दही घ्या. डच कोको असेल तर सोडा अर्ध्या चमच्यावर आणा.

कोको कोरडाच मैद्यात चाळून टाकू नका. त्यावर कडकडीत गरम कॉफी ओतून पाच मिनिटं ठेवा. गुठळ्या सुटतात आणि वास उमलतो. कॉफीची चव केकमध्ये वेगळी लागत नाही, कोकोच ठळक होतो. फक्त हे मिश्रण कोमट झाल्यावरच दह्यात घाला, नाहीतर दही फुटतं.

शेंगदाण्याचं तेल

आपल्या सांगली-मिरजेच्या बाजूला घराघरांत घाण्याचं शेंगदाणा तेल असतं. भाजीला, चटणीला त्याच्यासारखं दुसरं नाही. केकमध्ये मात्र त्याचा वास कोकोवर चढतो. मी एकदा घरात दुसरं तेल नाही म्हणून तेच वापरलं. केक हलका झाला होता, पण प्रत्येक घासाला शेंगदाण्याची चव येत होती. केकसाठी वास नसलेलं रिफाइंड सूर्यफूल तेल वेगळं आणून ठेवा. तेलाऐवजी लोणी घ्यायचा मोहही टाळा. हा केक फ्रीजमध्ये ठेवावा लागतो. तिथे लोण्याचा केक दगडासारखा होतो, तेलाचा मऊ राहतो.

एकच डबा आणि ताटकळणारं पीठ

या चुकीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. बहुतेक घरांत केकचा डबा एकच असतो आणि ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा विजेचा ओव्हन, लहान. मग तीन थरांचं पीठ एकदम कालवलं जातं, पहिला थर भाजायला जातो आणि बाकीचं पीठ ओट्यावर वाट बघतं. दह्याला सोडा लागला की त्याच क्षणी बुडबुडे सुटायला लागतात. वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरा थर आत जाईपर्यंत त्यातला निम्मा जोर संपलेला असतो. पहिला थर फुगतो, दुसरा बसका होतो, तिसरा चिवट. लोक म्हणतात ओव्हन बिघडला. ओव्हनचा काही दोष नसतो.

यावर उपाय आहे. कोरडं सामान एकत्र चाळून तीन समान भागांत वजन करून ठेवा. दही, तेल, साखर आणि कॉफीचं मिश्रणही तीन भागांत करा. एक थर बाहेर काढून डबा गार केला, तेल-मैदा लावून तयार केला, की मगच पुढच्या थराचा कोरडा आणि ओला भाग एकत्र करा. कालवल्यावर दोन मिनिटांत डबा आत गेला पाहिजे. कालवतानाही ओलं-कोरडं एकजीव झालं की थांबा. जास्त घोटलं की मैद्याला चिकटी सुटते आणि केक भाकरीसारखा चिवट होतो.

ओटीजी १७० अंशावर किमान पंधरा मिनिटं आधी तापवून ठेवा. पातळ थर वीस ते चोवीस मिनिटांत होतो. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही. कुकरमध्ये करत असाल तर शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, पाणी अजिबात घालू नका.

केक फुगून मधोमध खचला, तर तीन शक्यता असतात. सोडा जास्त झाला, दार लवकर उघडलं, किंवा आत कच्चा राहिला. वर घुमट येऊन भेग पडली तर आच जास्त आहे, दहा अंश कमी करा. माझी मावसबहीण पाचगणीला राहते. तिचा केक याच कृतीनं दर वेळी खचायचा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, पाचगणी-महाबळेश्वरचं पठार तेराशेच्या आसपास. तिथे हवेचा दाब कमी असतो, म्हणून वायू लवकर आणि जास्त फुगतो, केकची भिंत धरायच्या आतच तो वर येतो आणि कोसळतो. तिनं सोडा आणि बेकिंग पावडर पाव हिश्शानं कमी केली, साखर एक मोठा चमचा कमी आणि दही दोन चमचे जास्त घेतलं, आच दहा अंशांनी वाढवली. तेव्हापासून तिचाही केक सपाट येतो.

क्रीम: सर्वांत जास्त चुका इथे

दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणारं फ्रेश क्रीम आणून लोक तासभर फेटत बसतात. त्यात फॅट साधारण २५ टक्के असतं. क्रीम फुलायला तीस टक्क्यांच्या वर, शक्यतो पस्तीसच्या आसपास फॅट लागतं. ते फेटून फुलणारच नाही, कितीही बर्फ ठेवा. ते गनाशसाठी, म्हणजे गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवून करतात त्या दाट मिश्रणासाठी ठेवा.

खरं व्हिपिंग क्रीम मिळालं तरी या केकसाठी मी ते घेत नाही. ते हवेनं फुललेलं, हलकं आणि दुधाळ लागतं. बोरबॉनच्या क्रीमला दाटपणा असतो, दातांनी खरवडता येण्याइतका. शिवाय आपल्या उन्हाळ्यात ते अर्ध्या तासात पाणी सोडतं. वनस्पती तेलाचं बेकरीवालं क्रीम उन्हात टिकतं, पण त्याची साय टाळूला चिकटून राहते आणि तोंडात चॉकलेट पोचतच नाही.

मी करते ते शिजवलेल्या मैद्याचं क्रीम. १५० मिली दूध, २० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर आणि १५ ग्रॅम कोको गार असतानाच एकत्र कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत घट्ट खळीसारखं शिजवायचं. पातेल्याच्या तळाशी चमचा ओढला की मागे वाट दिसली पाहिजे. दुसरीकडे बिनमिठाचं १२५ ग्रॅम लोणी पांढरट होईस्तोवर फेटायचं आणि त्यात ही खळ चमचा-चमचा घालत जायची. मीठ चिमूटभर, शेवटी. साखर शिजताना विरघळून गेलेली असते, त्यामुळे पिठीसाखरेच्या क्रीमसारखी दाताखाली चरचरत नाही.

इथे घाई करणारा हमखास फसतो. खळ कोमट असताना लोण्यात घातली की लोणी वितळतं आणि सगळं पातळ होतं. पातेलं फ्रीजमध्ये ठेवू नका, कारण वर साय धरते आणि नंतर गुठळ्या होतात. खळ थाळीत पसरा, वर प्लॅस्टिक चिकटवून झाका आणि पूर्ण गार होऊ द्या. लोणी आणि खळ हाताला सारखी लागली पाहिजेत.

पातळ झालंच तर फेकू नका. वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. उलट, नासलेल्या दुधासारखं कणीदार दिसलं, तर लोणी जास्त गार आहे. दोन चमचे क्रीम वाटीत घेऊन गरम पाण्यावर कोमट करा, परत बाकीच्यात घाला आणि तीन-चार मिनिटं न थांबता फेटा. बहुतेक वेळा ते एकजीव होतं. गुठळ्या राहिल्या असतील तर खळ लोण्यात जाण्याआधीच चाळणीतून काढा, नंतर उपाय नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीशीला टेकतो आणि लोणी तिशीच्या थोडं वर गेलं की वितळतं. त्या दिवसांत क्रीमचं काम पहाटे करा. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती आधी बघून घ्या. थर लावून झाले की केक लगेच फ्रीजमध्ये, पुढचं काम अर्ध्या तासानं.

थर लावताना

गरम केकवर क्रीम लावायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी वाढदिवसाची वेळ जवळ आली की लावलं जातं. थर जाळीवर तासभर, मग फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा. गार थर कापतानाही चुरा होत नाही. घुमट आला असेल तर करवतीसारख्या सुरीनं सपाट करा, नाहीतर वरचा थर घसरतो.

साखरेचा पाक शिंपडू नका. तेलाच्या केकला त्याची गरज नसते आणि त्यानं पट्टीचा कडसरपणाच धुतला जातो.

क्रीमची जाडी अर्ध्या सेंटीमीटरच्या जरा वर, बस्स. बिस्किटाकडे एकदा नीट बघा. क्रीम पट्टीपेक्षा जाड कधीच नसतं. बाजूनं क्रीम फासू नका. थर आणि क्रीमच्या रेषा उघड्या राहिल्या तरच केक बघून बोरबॉन आठवतं.

वरची साखर ही माझ्या दृष्टीनं या केकची ओळख आहे आणि तिचीच सर्वांत जास्त वाट लागते. सजावट म्हणून क्रीमवर साखर भुरभुरली की ती ओल ओढून घेते आणि तासाभरात तिचं पाणी होतं. बिस्किटावर साखर भाजण्याआधी पडते. तसंच करा. वरच्या थराचं पीठ डब्यात ओतल्यावर त्यावर एक मोठा चमचा जाड दाण्याची साखर पसरा आणि मग भाजा. थोडी विरघळून पापुद्रा होते, बाकीचे दाणे कुरकुरीत राहतात. हा थर क्रीम न लावता वर ठेवायचा. तो उलटा काढायचा नसतो, म्हणून डब्यात लांब पट्ट्यांचा कागद घालून ठेवा आणि कागद धरूनच उचला.

विश्रामबागेतून मिरजेला केक न्यायचा असेल तर गाडीच्या डिकीत कधीच नाही. मागं बसणाऱ्याच्या मांडीवर, खोक्याच्या तळाला ओलसर फडकं घालून. गतिरोधकावर खोकं सरकत नाही.

खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा, मे महिन्यात दहाच मिनिटं. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक तुकड्यागणिक पुन्हा बुडवा. उरलेला केक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, चिरलेल्या कांद्यापासून दूर, कारण लोण्याचं क्रीम एका रात्रीत वास धरतं. दुसऱ्या दिवशी थर आणखी मऊ पडतात, कोको गडद लागतो. आमच्याकडे लहान भाचीला दुसऱ्या दिवशीचाच तुकडा हवा असतो, आणि ती वरचा साखरेचा थर आधी सोडवून बाजूला ठेवते.