टचस्क्रीनची गाडी घेताना बटणांची पारख कशी करावी

जुलैमधल्या एका संध्याकाळी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आमच्या नव्या गाडीच्या समोरच्या काचेवर आतून वाफ धरली आणि काही क्षणांत रस्त्याची कडा दिसेनाशी झाली. काचेवर हवा सोडण्याची सोय गाडीत होती, पण ती टचस्क्रीनच्या दुसऱ्या पानावर होती. गाडी हादरत होती, बोट दोनदा भलत्याच चौकोनावर पडले, आणि तिसऱ्या खेपेला ते नेमके लागेपर्यंत वळणावरून एसटी समोर आली होती. शेजारी बसलेल्या आबांनी खिडकीची काच खाली घेतली आणि उपरण्याने जमेल तेवढी वाफ पुसली, म्हणून निभावले. आबांनी वीस वर्षे कमांडर जीप चालवली. तिचे वायपर, दिवे आणि हॉर्न अंधारातही त्यांच्या हाताला आपोआप सापडत. त्या संध्याकाळपासून मी गाडीतील प्रत्येक सोयीला एकच प्रश्न विचारतो : ही हाताला सापडते, की डोळ्यांनी शोधावी लागते? पुढील लेखन याच प्रश्नावर गाडी कशी तपासावी, आणि टचस्क्रीनचीच गाडी घरात आली असेल तर ती कशी लावून घ्यावी, याबद्दल आहे.

प्रथम बटण कशाला म्हणायचे ते ठरवले पाहिजे, कारण शोरूममध्ये या शब्दाखाली बरेच काही दाखवले जाते. खऱ्या बटणावर बोट नुसते टेकवून ठेवता येते. त्याचा उंचवटा, त्याची कड, शेजारच्या बटणापासूनचे अंतर बोटाला कळते, आणि आपण दाबेपर्यंत काहीही घडत नाही. टचस्क्रीनच्या काचेखाली सूक्ष्म विद्युतक्षेत्र असते, बोट टेकताच त्यात फरक पडतो आणि गाडी त्यालाच आज्ञा समजते, म्हणून तेथे चाचपून शोधण्याची सोयच उरत नाही. काही गाड्यांत एसीच्या जागी चकचकीत काळी पट्टी असते आणि तिच्यावर बटणांची चित्रे उजळतात. ती पट्टीही टचस्क्रीनच्याच जातीची समजावी. पारख सोपी आहे. गाडी उभी असताना त्या चित्रांवरून बोट हलकेच फिरवत न्यावे, आणि तेवढ्यानेच पंख्याचा वेग किंवा तापमान बदलले तर ते बटण नाही.

हा आग्रह जुन्या वळणाच्या माणसाचा हट्ट नाही, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडी उत्पादकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत चालकाची नजर एका वेळी २ सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये आणि एका कामासाठी सगळ्या नजरा मिळून १२ सेकंदांपेक्षा जास्त जाऊ नयेत, असे म्हटले आहे. हे २ सेकंददेखील आपल्याकडे ४४ मीटर होतात. आणि धुळे-जळगाव मार्गावर रात्री मागचा दिवा नसलेली, कापसाने भरलेली ट्रॉली ४४ मीटरच्या आत अचानक समोर येणे ज्याने अनुभवले आहे, त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मोटार-मासिकाने २०२२ मध्ये एका विमानतळाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने चार साधी कामे करून पाहिली. बटणांच्या २००५ सालच्या व्होल्वो गाडीत ती १० सेकंदांत उरकली आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली; टचस्क्रीनच्या आधुनिक गाड्यांपैकी सर्वांत मागे पडलेल्या गाडीला त्याच कामांसाठी १३७२ मीटर लागले. युरोपातील गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून नियम बदलले असून, इंडिकेटर, हॅझर्ड दिवे (धोक्याच्या वेळी एकदम लुकलुकणारे चारही इंडिकेटर), वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीची हाक यांना हाताने चालवण्याचे वेगळे नियंत्रण नसेल तर गाडीचे गुण कमी होतात. फोक्सवॅगनसारख्या कंपनीनेही आवाज, तापमान, पंखा आणि हॅझर्ड यांची बटणे परत आणण्याचे ठरवले आहे.

शोरूममध्ये काय करावे

टेस्ट ड्राइव्ह मागण्याआधी पंधरा मिनिटे उभी गाडी मागावी. विक्रेता स्क्रीनवर गाणी, कॅमेरा आणि रंगीत दिवे दाखवू लागेल. ते त्याचे काम आहे, त्याला ते करू द्यावे, पण नंतर स्वतः चालकाच्या जागी बसून खुर्ची आपल्या रोजच्या सवयीप्रमाणे लावावी आणि इंजिन सुरू करून घ्यावे. सोबत घरातील कोणीतरी असावे. त्याने एकेक काम सांगायचे आणि मनात सेकंद मोजायचे, तुम्ही नजर समोरच्या भिंतीवरील एखाद्या खुणेवर ठेवून ते काम करायचे. पहिल्यांदा सगळी नियंत्रणे डोळ्यांनी पाहून घेतली तरी चालेल, कारण आपल्याच गाडीत आठवड्याभरात तेवढी ओळख होतेच. पण त्यानंतर नजर खाली जाता कामा नये.

कामे कोणती सांगावीत, हे खान्देशातील वर्षाकडे पाहून ठरवावे. समोरच्या काचेवर पूर्ण वेगाने हवा सोडणे हे पहिले. मग आतलीच हवा फिरवणे सुरू आणि बंद करणे, पंखा दोन टप्पे वाढवणे, तापमान कमी करणे, आवाज एकदम बंद करणे, आलेला फोन घेणे आणि तोडणे, हॅझर्ड लावणे, मागच्या काचेचा वायपर चालवणे. यांतील पहिली चार कामे नजर न हलवता झाली नाहीत, तर ती गाडी कितीही आवडली तरी मी पुन्हा विचार करीन. गाण्यांची यादी किंवा दिव्यांचे रंग स्क्रीनवरच असतील तर त्याला माझी हरकत नाही, कारण ती कामे गाडी थांबवून करता येतात. नकाशा आणि मागचा कॅमेरा यांसाठी तर स्क्रीनच उत्तम, आणि अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना तिचे उपकार मान्यच केले पाहिजेत.

अनेकदा असे दिसते की एकाच गाडीच्या खालच्या प्रकारात एसीला तीन गोल नॉब असतात आणि वरच्या प्रकारात त्यांच्या जागी चकचकीत पट्टी येते. तेव्हा सर्वांत महाग प्रकारच दाखवला जात असेल, तर मधल्या प्रकाराची गाडीही आवर्जून पाहावी. स्टिअरिंगवरील बटणे दाबून त्यांचा ‘टक’ बोटाला जाणवतो का, हे तपासावे. शिवाय विक्रेत्याला एक प्रश्न स्पष्टपणे विचारावा : स्क्रीन बंद पडली तर एसी आणि काचेवरची हवा चालू-बंद करता येते का? उत्तर तोंडी घेऊ नये. स्क्रीन बंद करायला लावून तेथेच करून पाहावे.

यानंतर गाडी छताखालून उन्हात काढायला सांगावी. शोरूमच्या दिव्यांत प्रत्येक स्क्रीन सुंदर दिसते. खरी परीक्षा दुपारी दोन वाजता होते. संध्याकाळी जळगावहून भुसावळकडे निघालो की मागून येणारे तिरपे ऊन थेट स्क्रीनवर पडते आणि बोटांचे ठसे तेवढे चमकतात. शक्य असल्यास अंधार पडल्यावरही एकदा गाडी पाहावी, आणि स्क्रीनचा उजेड एका हालचालीत मंद किंवा पूर्ण बंद करता येतो का ते तपासावे. शिरपूरकडून सेंधव्याच्या दिशेने रात्री जाताना डोळ्यांसमोर पांढरा नकाशा पेटलेला असला, तर बाहेरचा अंधार दुप्पट दाट वाटतो.

ऊन, पाऊस आणि स्क्रीन

टचस्क्रीनची गाडी आधीच घेतली असेल, तर निराश होण्याचे कारण नाही. एक रविवार सकाळ खर्च केली की बराच धोका कमी होतो. बहुतेक गाड्यांत स्क्रीनच्या कडेला आवडीच्या सोयींचे चौकोन ठेवता येतात. तेथे काचेवरची हवा आणि पंखा आणून ठेवावा, आणि स्टिअरिंगवर एखादे मोकळे बटण नेमता येत असेल तर तेही याच कामाला द्यावे. गाडी हादरत असताना स्क्रीन वापरावीच लागली, तर हात अधांतरी ठेवू नये. चार बोटे स्क्रीनच्या चौकटीवर टेकवावीत आणि अंगठ्याने दाबावे, म्हणजे हात गाडीबरोबरच हलतो आणि नेम चुकत नाही. स्क्रीन थिजली तर ती पुन्हा कशी सुरू करायची, हे गाडीच्या पुस्तिकेत असते. पुष्कळ गाड्यांत एखादे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. ते घरीच एकदा करून पाहावे.

वाफेचा उपाय पाठ असला पाहिजे. आतून वाफ धरली तर एसी सुरू करून हवा समोरच्या काचेकडे वळवावी आणि आतलीच हवा फिरवणे बंद करावे, कारण एसी हवेतील ओलावा काढून घेतो आणि माणसांच्या श्वासाचा ओलावा बाहेर जाऊ लागतो. पण बाहेर दमट हवा आणि आत एसी फार थंड असेल, तर वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूने धरते. तेव्हा आतून पुसून उपयोग नसतो, वायपर फिरवावा, काचेवरची थंड हवा थांबवावी आणि तापमान थोडे वाढवावे. आज ढगाळ हवा आहे असे दिसले की मी निघण्याआधीच हवा काचेकडे वळवून ठेवतो.

स्क्रीन ओल्या बोटांना नीट ओळखत नाही, आणि थेंब पडला तर कधी स्वतःच काहीतरी दाबले गेल्यासारखे वागते. केळीच्या बागेतून निघताना बोटांना चीक असतो. तो स्क्रीनवर लागला तर डाग राहतो आणि उन्हात त्याखालचे काही वाचता येत नाही. गाडीत एक मऊ सुती फडके वेगळे ठेवावे आणि त्याने आधी हात पुसावेत.

फोन गाडीला जोडताना

अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले या फोन गाडीच्या स्क्रीनशी जोडण्याच्या सोयी आहेत; त्यांत खरे काम फोनच करतो आणि गाडीची स्क्रीन फक्त ते दाखवते, ही गोष्ट लक्षात ठेवली की पुष्कळ अडचणींचा उलगडा होतो. नेटवर्क गेले तर ते फोनचे गेलेले असते. तोरणमाळ, धडगाव किंवा पालकडे निघताना त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. सातपुड्यात शिरल्यावर नकाशा मागत बसण्यात अर्थ नसतो. जोडणी वारंवार तुटत असेल तर गाडीला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी, कारण काही स्वस्त केबली फोनला वीज देतात पण माहिती नेत नाहीत.

उन्हाळ्यात वायरलेस जोडणी आणि वायरलेस चार्जिंग एकाच वेळी वापरू नये. दोन्हींमुळे फोन तापतो आणि त्यात वरून ऊन लागले की तो चार्जिंग थांबवतो, मंदावतो, कधी पूर्ण बंद होतो. अ‍ॅपलने आयफोन वापरण्यासाठी हवेच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सांगितली आहे. आपला मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त होते. फोन काचेला चिकटणाऱ्या स्टँडवर लावण्यापेक्षा एसीच्या झरोक्याजवळ ठेवावा आणि केबलने जोडावा.

गंतव्य ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वी घालावे, आणि नेहमीची गावे, शेत, दवाखाना ही ठिकाणे नकाशात सोप्या नावांनी साठवून ठेवावीत. घरी अहिराणी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना फोनला बोलून आज्ञा देता येईल असे गृहीत धरू नये. त्यांच्याकडून एकदा करून घ्यावे, आणि जमत नसेल तर त्यांच्यासाठी स्टिअरिंगवरचे फोन घेण्याचे बटण दाखवून ठेवावे. निरोपांच्या सूचना प्रवासात बंद राहतील अशी सोय दोन्ही प्रकारच्या फोनांत आहे, ती सुरू करावी. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे : १ ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमाप्रमाणे गाडी चालवताना हातातील उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते, एरवी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली १००० ते ५००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते.

जुन्या गाडीत बाहेरून मोठी स्क्रीन बसवून घेणारे पुष्कळ आहेत. त्यात वावगे काही नाही, पण बसवणाऱ्याला तीन गोष्टी आधी सांगाव्यात. आवाजासाठी गोल नॉब असलेला स्टिरिओ द्यावा, स्टिअरिंगवरील बटणांच्या तारा जोडून ती चालतात हे दाखवावे, आणि गाडी चालू असताना चित्रफीत दिसू नये यासाठी हँडब्रेकला जोडायची जी तार असते ती मोकळी सोडू नये. या तिसऱ्या गोष्टीवर मी अडून बसतो. एसीचे नॉब मात्र कोणत्याही कारणाने काढू देऊ नयेत.

गाडी विकताना किंवा काही दिवसांसाठी दुसऱ्याला देताना, जोडलेले फोन, त्यांतून आलेले संपर्क आणि घराचा पत्ता स्क्रीनच्या सेटिंगमधून पुसून टाकावेत. विकायचीच असेल तर कारखान्यातून आली तशी स्थिती करून मगच किल्ली हातात द्यावी.