लिग्नोकेन वापरताना: सुई घेण्याआधी आणि मलम लावण्याआधी

दाढ काढताना, जखमेला टाके घालताना किंवा गळू फोडताना तेवढाच भाग बधिर करण्यासाठी डॉक्टर जे इंजेक्शन देतात, ते बहुतेक वेळा लिग्नोकेनचे असते. परदेशात त्याला लिडोकेन म्हणतात आणि आपल्याकडे पुष्कळ जण ते झायलोकेन या ब्रँडच्या नावाने ओळखतात. १९४३ मध्ये स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते तयार केले. मज्जातंतूंमध्ये सोडियम शिरण्याचे मार्ग ते काही काळ बंद करते आणि त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. असेच मार्ग हृदयात आणि मेंदूतही असतात. म्हणूनच हृदयाच्या काही गंभीर ताल-बिघाडांत हे औषध शिरेतून देतात आणि म्हणूनच ते रक्तात जास्त गेले, तर झटके येऊ शकतात किंवा हृदय बंद पडू शकते. तेव्हा ते नेमके किती आणि किती वेगाने रक्तात उतरते, याकडे लक्ष ठेवावे लागते.

इंजेक्शन घेण्याआधी हृदयाचा किंवा यकृताचा आजार, चालू असलेल्या गोळ्या, गरोदरपण आणि पूर्वी भुलेचा झालेला त्रास डॉक्टरांना न विचारताही सांगावा. हे औषध मुख्यतः यकृतात विघटित होते, त्यामुळे यकृत दुबळे असेल तर ते शरीरात जास्त वेळ राहते. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा सर्वसाधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ४.५ मिलिग्रॅम धरतात. सोबत अॅड्रेनलिन असेल, तर रक्तवाहिन्या आकसून औषध सावकाश शोषले जाते आणि ही मर्यादा ७ मिलिग्रॅमपर्यंत जाते. दोन टक्क्यांच्या औषधात प्रत्येक मिलिलिटरला २० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते. म्हणजे साधे औषध वापरले, तर ५० किलोच्या माणसाला सुमारे ११ मिलिलिटर ही कमाल ठरते, पण १० किलोच्या बाळाला जेमतेम दोन मिलिलिटर. एका दाढेसाठी मोठ्या माणसाला लागते साधारण तेवढेच. लहान मुलाचे वजन आधी सांगा, असा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

सुई टोचल्यावर छाती धडधडली की अनेक जण ‘मला भुलेची अॅलर्जी आहे’ असे आयुष्यभर सांगत राहतात. ही धडधड बहुधा अॅड्रेनलिनची किंवा भीतीची असते; लिग्नोकेनची खरी अॅलर्जी दुर्मीळ आहे. मात्र अंगावर पित्त उठणे, चेहरा सुजणे किंवा श्वास लागणे असे काही झाले असेल, तर ते कागदावर लिहून घ्यावे आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असल्याने हे औषध कमी लागू पडते. अशा वेळी आणखी एक सुई द्या, असा हट्ट धरू नये.

मला जास्त काळजी वाटते ती घरातल्या ट्यूबची. डॉक्टरांच्या हातातील औषध मोजलेले असते. मलम, जेली आणि स्प्रे मात्र कोणी मोजत नाही, आणि वरून लावायचे म्हणजे निरुपद्रवी असे आपण गृहीत धरतो. लेझरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारे मलम भरपूर लावून, वर प्लास्टिक गुंडाळल्यानंतर दोन तरुणींचा मृत्यू झाला होता. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. म्हणून मलम सांगितलेल्या छोट्या जागेवर, पातळ थरात आणि अखंड त्वचेवरच लावावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यावर पट्टी किंवा प्लास्टिक बांधू नये आणि शेकही देऊ नये, कारण उष्णतेने शोषण वाढते. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मिळणारा पाच टक्क्यांचा पॅच २४ तासांत १२ तासच ठेवायचा असतो. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना तर लिग्नोकेनची जेली मुळीच चोळू नये. बाळाने ती गिळल्याने झटके आणि मृत्यूही झाले आहेत. थंड, स्वच्छ कपडा चघळायला देणे पुरेसे असते.

तोंडाभोवती बधिरपणा, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, चक्कर, बोलणे अडखळणे, स्नायू फडफडणे ही औषध रक्तात जास्त गेल्याची सुरुवातीची लक्षणे आहेत. दवाखान्यात असाल, तर ती त्याच क्षणी सांगावीत. संकोचाने गप्प बसू नये. घरी असाल, तर मलम पुसून, धुऊन टाकावे आणि १०८ वर फोन करावा. रुग्णालयात या विषबाधेवर २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण शिरेतून देतात, पण त्यासाठी तिथे वेळेत पोहोचावे लागते.

दाताच्या इंजेक्शननंतर ओठ दोन-तीन तास, कधी त्याहून अधिक बधिर राहतो. तोवर गरम चहा टाळावा आणि काही चावून खाऊ नये. घशात स्प्रे मारला असेल, तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्याने किमान तासभर काहीही खाऊ-पिऊ नये. लहान मुले बधिर ओठ गंमत म्हणून चावत राहतात आणि संध्याकाळी तिथे मोठी जखम दिसते. म्हणून संवेदना परत येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहावे.